मायनसमधली बेटं

माजुलीसाठी मी दोन वर्षं पैसे साठवत होते. ब्रह्मपुत्रेतलं बेट, निमाती घाटावरून फेरी, भाड्याची सायकल, नदीकाठी नुसतं पडून राहणं, असा सगळा प्लॅन. फोनमध्ये 'बेटं' नावाचा फोल्डरच होता. त्यात माजुली होतं, केरळातलं मन्रो होतं, गोव्यातलं दिवाडी होतं. पैकी दिवाडी तेवढं झालेलं. जुन्या गोव्याच्या काठावरून फेरीबोटीत बसायचं, पाच-दहा मिनिटांत मांडवीच्या पलीकडे, आणि पलीकडे उतरलं की आवाजच कमी झालेला. तेव्हापासून नदीतल्या बेटांचं वेड लागलं. समुद्रातलं बेट लांब असतं. नदीतलं बेट जवळ असून वेगळं असतं, हे मला फार आवडतं.

मग एका डाव्या दाढेने माजुली खाल्लं. रूट कॅनॉल, कॅप, पुन्हा एकदा रूट कॅनॉल. एप्रिलच्या शेवटी माझ्याकडे आठ दिवसांची मंजूर रजा होती आणि खात्यात साडेसहा हजार रुपये. मी पुण्याहून घरी, बारामतीला गेले आणि दोन दिवस पंख्याखाली तोंड पाडून पडून राहिले.

आजीला दाढेचं कळत होतं, बेटांचं कळत नव्हतं. तिला फोनवर माजुली दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "बेटंच बघायची तर भिगवणला जा की. उन्हाळ्याची उजनीत निघत्यात."

निघत्यात. जसा उन्हाळ्यात हरभरा निघतो, कांदा निघतो, तशी बेटं निघत्यात.

आई म्हणाली, "या उन्हात? एकटी?" मी बॅग भरली.

बारामती-भिगवण रस्ता मी लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून बघितलाय, पण नेहमी कुठेतरी पोहोचण्यासाठी. भिगवण म्हणजे हायवेला लागणं. हायवेवरच्या हॉटेलात चिलापी फ्राय खाणं. त्याच्या मागे एवढं पाणी आहे हे माहीत असायचं, जसं शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं ते माहीत असतं. कधी जाऊन बघितलं नव्हतं.

भिगवणहून कुंभारगावला गेले. हे आता पक्षी बघायला येणाऱ्यांचं गाव झालंय. घरात खोल्या काढल्यात, दारात 'बोटिंग' आणि 'मच्छी थाळी'चे बोर्ड. एप्रिलअखेर म्हणजे सीझन उतरलेला. मोठ्या लेन्सवाले लोक परत गेलेले. खोली स्वस्तात मिळाली, आणि मुख्य म्हणजे कोणाला घाई नव्हती.

पहिल्या दोन दिवसांत मी काय केलं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. सकाळी साडेपाचला होडीत बसायचं. नावाडी माझ्याच वयाचा, लांब बांबूने होडी रेटणारा, पक्ष्यांची नावं इंग्रजीतून सांगणारा. "ताई, बार-हेडेड गूज गेले. मार्चमधीच गेले." म्हणजे पट्टकादंब, हिमालय ओलांडून येणारा बदक-हंसाच्या मधला पक्षी. फ्लेमिंगो मात्र होते. मराठीत रोहित. (क्रिकेटवाला नाही.) शे-दोनशे असावेत, गुडघाभर पाण्यात, मान उलटी घालून चोचीने चिखल गाळत. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, जन्मतः ते राखाडी असतात, हे मला त्या पोराने सांगितलं. उन्हं चढली की परत. थाळी, झोप, संध्याकाळी पुन्हा काठावर. शेकाट्या लांब लाल पायांवर चिखलातून अशा चालतात, की नवीन सॅंडल घालून कोणी ओल्या अंगणातून जातंय.

पाण्याला वास येत होता. हे कुठल्या रीलमध्ये दिसत नाही. हिरवट, शेवाळी, कुठे कुठे जलपर्णीचे पट्टे. मी पोराला विचारलं तर तो माझ्याकडे बघून हसला. "पुण्याचंच हाय ताई." पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा एक होऊन भीमेला मिळते, इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते आणि भीमा उजनीत येते. म्हणजे पिंपळे सौदागरच्या माझ्या फ्लॅटचं सगळं पाणी माझ्या आधी इथे पोहोचलेलं. त्याला रजा टाकावी लागली नव्हती.

एक गोष्ट सांगायची राहिली. 'एकटीच?' हा प्रश्न मला पहिल्या दिवशी नऊ वेळा विचारला गेला. मी मोजलं. पहिल्या पाच जणांना मी सांगितलं की भाऊ मागून येतोय. मग कंटाळा आला. सहाव्या वेळी, पाणी भरणाऱ्या एका मावशींना मी म्हटलं, "हो, एकटीच." त्या म्हणाल्या, "बरं हाय. मागं कटकट न्हाय." आणि हंडा उचलून गेल्या.

बेट मात्र अजून झालं नव्हतं. कुंभारगावला उथळ दलदल होती, चिखलाच्या जिभा होत्या, पण ज्यावर उतरून हिंडावं असं बेट नव्हतं. पोरगा म्हणाला, "पळसदेवकडं जावा. माझं सासरे हायत तिकडं. मासं धरत्यात. त्यांचंच बेट हाय म्हना की."

त्यांचंच बेट, हे मी तेव्हा चेष्टेत घेतलं.

पळसदेव पुणे-सोलापूर हायवेवर आहे. म्हणजे आताचं. जुनं पळसदेव पाण्यात. भीमेवर उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं, आणि त्याचं पाणी मागे सरकत सरकत इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांत पसरलं. गावं उठली, वर सरकली, नाव तेच राहिलं. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तिथेच राहिलं. दरवर्षी पाण्यात जातं. धरण फार आटलं की सगळंच्या सगळं उघडं पडतं, मग बातम्या येतात, लोक गाड्या घेऊन बघायला येतात. मी गेले तेव्हा नुसतं शिखर बाहेर होतं. विटांचं. त्यावर एक पाणकावळा पंख वाळत घालून बसला होता.

सासरे, म्हणजे आबा, साठीच्या आतबाहेर. त्यांनी मला आधी केशरी लाइफ जॅकेट घालायला लावलं, मग बोलले. जॅकेटचा रंग उडून पिवळा झालेला, एक बक्कल तुटून तिथे सुतळी. उन्हात ते घालून बसणं म्हणजे शिक्षा होती. मी काठापासून शंभर फुटांवर गेल्यावर काढायला लागले तर आबा वल्हं थांबवून नुसते बसून राहिले. मी पुन्हा घातलं. होडी पुढे निघाली.

आबांना त्या पाण्याखालचं सगळं पाठ होतं. मला दिसत होतं सपाट पाणी. ते गल्लीतून चालल्यासारखे चालले होते. "आता वेशीवरनं चाललोय." थोड्या वेळाने, "हितं चावडी." एका ठिकाणी त्यांनी उगीचच मोठा वळसा घेतला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाटलाचा वाडा. जाळं आडकतं." चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी बुडलेल्या भिंतीत आजही जाळं अडकतं आणि आबा आजही वाड्याला वळसा घालून जातात. गाव उठलं तेव्हा ते सहावीत होते.

मग बेट दिसलं. काठावरून ते ओळखू येत नव्हतं, पिवळट रेघ वाटत होती. जवळ गेल्यावर कळलं, दोन-तीन एकरांचा उंचवटा आहे. एका बाजूला भेगाळलेला काळा चिखल, वर मुरूम, मध्ये बाभळीचं एक वाळलेलं खोड. झाड नाही, सावली नाही. फोल्डरमधल्या बेटांच्या शेजारी ठेवलं तर कोणी लाइक करणार नाही असं बेट.

"बगून पाय टाका," आबा म्हणाले. टिटवीची अंडी. उघड्यावर, चार खड्यांमध्ये चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. पुढे नदी सुरयांची. त्या तर डोक्यावरून सूर मारत ओरडत होत्या. त्यांना हे बेट दोन महिन्यांपुरतं मिळतं. चारी बाजूंना पाणी, कुत्रं येत नाही, कोल्हा येत नाही. तेवढ्यात अंडी घालायची, पिल्लं उडवायची. उशीर झाला आणि पाणी चढलं तर संपलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी बेटावर होते. काहीच केलं नाही. जी गोष्ट करायला मी दोन वर्षं पैसे साठवत होते ती साठ रुपयांच्या एसटीच्या अंतरावर करता येते, हे कळून थोडा रागही आला. खापऱ्या वेचल्या. एका जागी जात्याचा खालचा दगड सापडला, मधल्या भोकात वाळलेलं शेवाळ. आबांना दाखवला. त्यांनी पायाने जरा हलवून बघितला. "आमचं नसंल. आमच्या आयनं जातं वर न्हेलं हुतं." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "हे आमचं खळं. थोरल्या टेकाडाचं खळं. तिकडं खाली," म्हणजे पाण्यात, "शेत."

मग त्यांनी मला मायनस समजावून सांगितलं. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त, जवळजवळ 64 टीएमसी, मृतसाठा धरलेलं आहे. उपयुक्त पाणी संपलं की धरण शून्य टक्के. पण पाणी तर अजून समुद्रासारखं पसरलेलं असतं. तिथून खाली मोजायचं मायनसमध्ये. उणे दहा, उणे वीस. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. मी बारामतीत वाढले, पेपरात 'उजनी उणे' वाचत वाढले, आणि मला ती नेहमी टंचाईची बातमी वाटायची. आबांच्या घरी ते कॅलेंडर आहे. अमुक टक्क्याला खळं निघतं. तमुकला विहिरीचं कठडं. मायनस वाढला की शेत. पाणी मागे हटलं की मोकळ्या झालेल्या गाळावर लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. मका, भुईमूग, कलिंगड, जे पाणी यायच्या आत हाताला लागेल ते.

"म्हणजे धरण आटलं की तुम्हाला बरं?" मी विचारलं.

"बरं कसं? मोटारी उघड्या पडत्यात." काठावर सगळा ऊस आहे आणि तो याच पाण्यावर आहे. पाइप आटत्या पाण्यामागे वाढवत न्यायचे, मोटार पुढे पुढे सरकवायची. ज्या पाण्याने शेत घेतलं त्याच पाण्यावर नवं शेत. आबा हे तक्रार म्हणून सांगत नव्हते, पण चांगलं झालं असंही म्हणत नव्हते. माझ्या घरचं शेत ब्रिटिशांच्या काळातल्या नीरा डाव्या कालव्यावर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे येणारी गोष्ट. पाळी आली की येतं, दारं धरायची. पाणी घेऊन जातं, हे आमच्या घरात कधी कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मी त्यांच्याच घरी राहिले. ओसरीवर पलंग, रात्री हायवेच्या ट्रकचा आवाज, मावशींच्या हातची मरळीची आमटी. मावशी कमी बोलायच्या. दिवसभर जाळी शिवत बसायच्या. एक दिवस मी इंदापूरला जाऊन आले, मालोजीराजांची गढी आणि तहसील कचेरीच्या आवारातली झाडं, ज्यांवर चित्रबलाक घरटी करतात. शेकडो करकोच्यांच्या ओरडण्याखाली लोक सातबारा काढायला उभे असतात. पण मन बेटावर होतं. जात्याच्या त्या दगडामागे सूर्य मावळताना फोटो पाहिजे होता. दगड, पाणी, लांब पळसनाथाचं शिखर. फ्रेम डोक्यात तयार होती.

चौथ्या दिवशी आबा संध्याकाळी यायला तयार नव्हते. सकाळी चला म्हणाले. मी म्हटलं, सकाळी सूर्य उलट्या बाजूला असतो. हे मी साठ वर्षं त्या सूर्याखाली राहिलेल्या माणसाला सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आता विचार करते तर ते 'बरं' म्हणजे होकार नव्हता. पाहुण्याला नाही म्हणायची सवय नसलेल्या माणसाचं 'बरं' होतं ते.

साडेतीनला निघालो. पाणी तव्यासारखं सपाट, वाऱ्याचा पत्ता नाही. पाचच्या सुमाराला आबा उठून पश्चिमेला बघायला लागले. मला काही वेगळं दिसलं नाही. थोडे ढग होते, फोटोला चांगले. आबा म्हणाले, "निघू या." मी म्हटलं, "आबा, अर्धा तास फक्त. सूर्य खाली येऊ द्या." ते खोडाशेजारी बसले. दहा मिनिटांनी पुन्हा, "ताई, निघू या." मी फोन दगडाला टेकवून टाइमर लावत होते. "पाचच मिनिटं."

आधी सुरया गप्प झाल्या. दिवसभर डोक्यावर ओरडणाऱ्या, एकदम गप्प. मग पश्चिमेकडचा काठ दिसेनासा झाला. तांबूस भिंत उभी राहिली, धुळीची. आबा होडीकडे पळाले. मला वाटलं निघायचं, म्हणून मीही पळाले, तर ते होडी पाण्यात ढकलत नव्हते, ओढून बाहेर काढत होते. "धरा!" ते ओरडले. आम्ही दोघांनी ती चिखलातून वर ओढली, अर्धी उलथी केली आणि तिच्या आडोशाला बसलो, आणि वावधान आलं.

त्याचं वर्णन मला करता येणार नाही. वाळू तोंडावर येत होती. मग टपोरे थेंब, मग गारा, हरभऱ्याएवढ्या. सगळ्यात भीतिदायक पाणी होतं. एवढं सपाट पाणी, त्याला लाटा येऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. पांढऱ्या फेसाच्या, कंबरभर, जिथे आम्ही दहा मिनिटांपूर्वी असतो तिथे. मी जॅकेटची सुतळी घट्ट धरून बसले होते. आबा होडीचा काठ धरून बसले होते आणि पूर्वेकडे बघत होते. मी विचारलं, "काय बघताय?"

"कळाशीकडं."

मला तेव्हा आठवलं. 2024 च्या मे महिन्यात, अशाच एका संध्याकाळी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी प्रवासी बोट वाऱ्यात उलटली होती. सहा जण बुडाले, त्यात दोन लहान मुलं. एक जण पोहत काठाला लागला. बातमी मी पुण्यात वाचली होती, हॉटेलात जेवणाची वाट बघताना, आणि 'लाइफ जॅकेट का घालत नाहीत लोक' असं काहीतरी म्हटलं होतं. रस्त्याने कुगाव-कळाशी म्हणजे मोठा वळसा, पाण्याने थोडा वेळ. म्हणून लोक बोटीने जायचे. आबा तेव्हा शोधायला गेलेल्या होड्यांत होते. एवढंच सांगितलं, पुढचं नाही. मीही विचारलं नाही.

वारा तासाभरात पडला. पण लाटा बसायला आणखी वेळ गेला, आणि आबा अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. फोनला रेंज होती-नव्हती. काठावर एक बॅटरी हलताना दिसत होती, एकाच जागी. परतताना ते वल्हं मारत होते आणि मी मोबाइलच्या टॉर्चने होडीतलं पाणी डब्याने उपसत होते. वाड्याला त्यांनी अंधारातही वळसा घातला.

काठावर मावशी. हातात बॅटरी, डोक्यावर युरियाचं पोतं पांघरलेलं, नखशिखांत भिजलेल्या. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. आबांनाच बोलल्या, आणि ते मी इथे लिहीत नाही. घरी गेल्यावर माझ्यापुढे टॉवेल ठेवला, ताट ठेवलं, आणि जाऊन भांडी घासत बसल्या. आवाज करत.

सकाळी कळलं की आबांनी दुपारी लावलेली जाळी वाऱ्याने गेली होती. एरवी ते पाचलाच जाऊन काढून आणतात. मी त्यांना पाच मिनिटं थांबवलं होतं. मी आबांना विचारलं, जाळ्याचे किती? ते म्हणाले, "असू द्या, हुतंय." मी मावशींकडे गेले. त्यांनी सुई खाली ठेवली, बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "अडतीसशे." मग भिंतीवरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. मासे विकताना लागतो म्हणून लावलेला. मी पैसे पाठवले. पलीकडून पैसे मिळाल्याचा आवाज आला, मावशींनी मान हलवली, आणि मग पहिल्यांदा विचारलं, "घरी फोन केला का आईला?"

माझ्याकडे आता अकराशे रुपये होते. नीरा नरसिंहपूरला जायचं ठरवलं होतं, इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, जिथे आमच्या बाजूची नीरा आणि त्यांची भीमा एकमेकींना मिळतात. गेले. घाटाच्या पायऱ्यांवर बसले. दोन नद्यांची पाणी निराळी दिसतात का ते बघत बसले, पण उन्हाळ्यात दोन्हीकडे धड पाणीच नव्हतं. देवळात एका आजींनी विचारलं, "एकटीच?" मी हो म्हटलं. त्यांनी पेढ्याचे दोन तुकडे दिले.

फोटो आला होता. टाइमरने आपला क्लिक केला होता, मी फ्रेममधून पळाल्यावर. दगड कोपऱ्यात, शिखर नाही, सूर्य नाही, नुसतं तांबूस आभाळ, आणि डावीकडे होडी ओढणाऱ्या आबांची पाठ. कुठे टाकला नाही. आजीला मात्र दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा करायच्या नादात पुढच्याच फोटोवर नेला, मग परत आली.

"हे कोण?"

"आबा. त्यांचं खळं होतं तिथे."

"जुन्या पळसदेवला आमच्या मावशीला दिली हुती," आजी म्हणाली. "बैलगाडीनं गेलेलो लग्नाला. वेशीवर उतरवलं हुतं सगळ्यांना." हे ती मला आयुष्यात पहिल्यांदा सांगत होती. मी विचारलं, आधी कधी बोलली नाहीस? ती म्हणाली, "तू इचारलं कधी?" आणि वेशीपासून मावशीचं घर कितवं ते बोटांवर मोजायला लागली. तिसऱ्या घरापाशी अडली. मग पुन्हा वेशीपासून सुरुवात केली.

ऑगस्टमध्ये आबांचा व्हॉट्सॲप आला. त्यांच्या जावयाने पाठवलेला असणार, कारण आबांना फोटो पाठवता येत नाहीत. फोटोत पाणी होतं, काठोकाठ. खाली लिहिलं होतं, धरण भरलं, खळं गेलं. थोड्या वेळाने दुसरा मेसेज: पुढच्या उन्हाळ्यात या. सकाळच्या.